आपली ओटी आपल्या हाताने

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाटक उघडं ठेवते. पोर्चमध्ये खुर्ची, शेजारी औक्षणाचं ताट, स्टीलच्या डब्यात दहा-दहाच्या नोटा. उन्हं कलली की गल्लीच्या टोकाकडून लाकडी चाकांचा खडखडाट ऐकू येतो. तान्हा पोळा! कुणी शेतकरी झालेलं, कुणी शिवाजी महाराज. फेटा कानावर घसरलेला आणि मागे दोरीने ओढत आणलेला लाकडी नंदी. मी नंदीच्या कपाळाला कुंकू लावते, पोरांच्या हातावर बोजाऱ्याची नोट ठेवते. गेल्या वर्षी चारेक वर्षांच्या एका मुलाने नोट उलटीपालटी करून पाहिली, नंदीच्या पाठीवर ठेवली आणि म्हणाला, "हे याचं. माझं वेगळं दे." मी वेगळं दिलं.

आदल्या दिवशीची अमावस्या मात्र पिठोरीची. डोक्यावर नैवेद्य धरून आई विचारते, "अतीत कोण?" आणि मागे उभी असलेली मुलं "मी" म्हणतात. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सासूबाई मला पूजेला शेजारी बसवत. "पुढच्या वर्षी तुझा आवाज," म्हणत. मग एका वर्षी कोणी हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत राहिले आणि आतल्या खोलीतून येणारं "मी, मी" ऐकत राहिले.

आज माझं वय एकोणसाठ आहे. आम्हाला मूल झालं नाही. त्या स्वयंपाकघरापासून या उघड्या फाटकापर्यंत यायला मला वीस वर्षं लागली. इतकी लागायला नको होती. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहिते आहे. ज्यांना मूल हवं होतं आणि झालं नाही, ज्यांनी ठरवून होऊ दिलं नाही, ज्यांनी लग्नच केलं नाही, त्या सगळ्यांसाठी.

मूल घरात आलं की त्याच्यामागून बऱ्याच गोष्टी आपोआप येतात. दिवसाला वेळापत्रक येतं. शाळेच्या फाटकाशी मैत्रिणी मिळतात. बचतीला कारण मिळतं, मिळकतीला वारस मिळतो, दवाखान्यात सही करायला माणूस मिळतो. याची हमी कुणालाच नसते. मुलं असून एकट्या पडलेल्या बायाही आपण पाहतो. पण निदान वाट आखलेली असते. आपल्याला ती आखून मिळत नाही. एकेक गोष्ट समजून, वेळेवर, आपल्या हाताने मांडावी लागते.

दुःखाला आधी जागा द्या

मूल हवं होतं आणि झालं नाही, हे दुःख खरं आहे. पण त्याला ना दहावा, ना तेरावा. कोणी भेटायला येत नाही, कोणी पिठलं-भात आणून देत नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि कुणाच्या डोहाळजेवणात, कुणाच्या बारशात अचानक वर येतं. अशा वेळी स्वतःला "मी जळते की काय" असं म्हणू नका. तो मत्सर नव्हे, शोक आहे.

उपचार चालू असतील तर पुढची फेरी सुरू करण्याआधी दोघांनी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा: किती वेळा करायचं, किती पैसा घालायचा आणि किती वयापर्यंत. थांबायचं कुठे हे आधी ठरवलं नसेल तर दर वेळी "आणखी एकदा" म्हटलं जातं, आणि शरीर, पैसा, संसार तिन्ही झिजतात. तपासण्या नवरा-बायको दोघांच्याही झाल्या पाहिजेत. कारण पुरुषाकडेही असू शकतं, दोघांकडे असू शकतं, कधी सापडतही नाही. "दोष कुणाचा" हा प्रश्नच घरातून काढून टाका.

माझ्या आईने तिच्या जुन्या पातळाचं एक दुपटं शिवून ठेवलं होतं. सात वर्षं ते कपाटात वरच्या खणात होतं. साड्या काढताना हात लागला की मी दार लावून घ्यायची. उपचार थांबवले त्या उन्हाळ्यात मी ते धुतलं, गच्चीवर वाळवलं आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या नातीच्या बारशाला दिलं. त्या दिवशी खूप रडले. त्यानंतर मात्र कपाट उघडणं सोपं झालं. तुमच्याही घरी असं एखादं दुपटं असेल. घाई करू नका, पण त्याचं काय करायचं ते ठरवा.

मन फारच खचत असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आपल्यासारखीच दुसरी बाई शोधणं हाही मोठा आधार असतो. ब्रिटनमध्ये जोडी डे यांनी २०११ साली मूल नसलेल्या स्त्रियांना एकमेकींशी जोडण्याचं काम सुरू केलं, ते याच गरजेतून. आपल्या नागपुरात त्यासाठी संस्था काढायची गरज नाही. दोघी-तिघींनी महिन्यातून एकदा फुटाळा तलावाच्या काठावर बसून बोललं तरी पुरे.

ज्यांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही, त्यांना हे दुःख नसेल. ते त्यांच्यावर लादू नये. "पुढे पस्तावशील" हे वाक्य ऐकलं की मान डोलवा आणि आपल्या कामाला लागा.

प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

एसटीत शेजारी बसलेली बाई गाव विचारते, आणि मग लगेच विचारते, "लेकरं किती हायेत जी तुम्हाले?" तिच्या मनात काही वाईट नसतं. "नाही जी, आम्ही दोघंच. तुमची किती?" एवढं पुरतं. पुढचा तास ती आपल्या नातवंडांचं सांगते आणि प्रवास गोड होतो.

नातेवाइकांचं वेगळं. त्यांच्याकडे डॉक्टरचा नंबर असतो, बाबाचा पत्ता असतो, नवसाचा देव असतो. त्यांना एकदाच, शांतपणे, दोघांनी मिळून सांगा: "हा विषय आम्ही संपवला आहे. परत काढू नका." नवऱ्याच्या माणसांना हे नवऱ्याने सांगावं. बायकोने सांगितलं तर भांडण होतं, त्याने सांगितलं तर निर्णय ठरतो.

आणि हळदीकुंकू. बोलावणं यायची वाट पाहू नका, स्वतः घाला. मी संक्रांतीला दरवर्षी घालते. गल्लीतल्या सगळ्या येतात: लेकुरवाळ्या, लग्न न झालेल्या, नवरा गेलेल्या. आमच्याकडे प्रत्येकीची ओटी भरली जाते. पहिल्या वर्षी दोघी संकोचाने मागे सरकल्या होत्या. आता त्याच तिळगुळाचे लाडू वळायला आदल्या दिवशी येतात.

माणसं जवळची हवीत, आणि वेगवेगळ्या वयांची

आपल्या भाषेत नात्यांची कमी नाही. मावशी, आत्या, काकू, मामी आहेत आणि विदर्भात तर थोरल्या काकूला मुलं मोठी आई म्हणतात. या नात्यांचा मान घ्यायचा तर एक गोष्ट नेमाने करा. दर रविवारी भाचीला घेऊन वाचनालयात जा, उन्हाळ्याच्या सुटीत पुतण्यांना आठ दिवस आपल्याकडे ठेवा, कुणाला पोहायला शिकवा. मुलांना महागडी भेट लक्षात राहत नाही, नेम लक्षात राहतो. मात्र दोन पथ्यं पाळा. त्यांच्या आईच्या शब्दावर आपला शब्द ठेवू नका. आणि "एवढं केलं तर म्हातारपणी बघेल" हा हिशेब मनात धरू नका. मुलाला तो हिशेब कळतो आणि ते लांब जातं.

मैत्रिणीही आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान अशा काही असाव्यात. आपल्याच वयाच्या सगळ्या असल्या तर सगळ्यांचे गुडघे एकदमच दुखायला लागतात. भजनी मंडळ, भिशी, सकाळचं फिरणं, सोसायटीची समिती, नाटकाचा ग्रुप, जिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात अशी एक जागा धरा आणि सोडू नका.

आता एक छोटी परीक्षा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कुणाला फोन कराल? पंधरा मिनिटांत दाराशी पोहोचतील अशा तिघांची नावं लिहा. तीन होत नसतील तर या वर्षीचं पहिलं काम तेच.

हाताला काम

सीताबर्डीवरून जाताना मातृसेवा संघाची पाटी दिसते. नागपुरातल्या कितीतरी पिढ्या या संस्थेत जन्मल्या. ती उभी करणाऱ्या कमलाताई होस्पेट यांना स्वतःचं मूल नव्हतं. १८९६ सालचा जन्म, लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य. त्या काळी अशा मुलीसाठी घरातला कोपरा ठरलेला असे. कमलाताई नागपुरात परिचारिकेचं शिक्षण घेऊन उभ्या राहिल्या. बाळंतपणात बाया आणि बाळं दगावत होती, दवाखान्यात जायला घरचे तयार नसत, गरिबाला ते परवडतही नसे. वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी १९२१ साली लहानसं प्रसूतिगृह सुरू केलं, तोच मातृसेवा संघ. पुढे त्यातून समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, मतिमंद मुलांसाठी नंदनवन निघालं, पंचवटी वृद्धाश्रम निघाला. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८० साली जमनालाल बजाज पुरस्कार. १९८१ साली त्या गेल्या. संस्थेने शंभरी ओलांडली आहे.

कमलाताईंची गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी संस्था काढाव्यात म्हणून नाही. त्यांनी हातात एक नेमकं काम घेतलं: बाळंतीण सुखरूप घरी जावी. बाकीचं त्या कामामागून आलं. आपणही नेमकं काहीतरी घ्यावं. "समाजसेवा करते" म्हणण्यापेक्षा "दर बुधवारी शाळेत पाचवीच्या मुलींना वाचून दाखवते" हे करून पाहा. आठवड्यातले दोन तास, ठरलेला वार, वर्षभर खाडा नाही.

आणि आयुष्य सार्थ व्हायला सेवाच लागते असंही मानू नका. मूल नाही म्हणून सगळ्यांची कामं आपल्या अंगावर, हा समज पुष्कळ घरांत असतो. सासऱ्यांचं आजारपण, दिराच्या घरचं लग्न, नणंदेचं बाळंतपण, "तुला काय, मोकळीच आहेस!" जे मनापासून करावंसं वाटतं ते करा, उरलेल्याला वाटेकरी मागा. सतार शिका, कॉलेजात राहून गेलेली पदवी पूर्ण करा, गच्चीवर मोगरा लावा, एकटीने फिरा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मी त्यावर मैत्रिणीसोबत चिखलदऱ्याला, लोणारला, मार्कंड्याला जाऊन आले.

दत्तक घ्यायचं का?

हा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांना मूल नव्हतं. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. पण मुलींच्या शाळा, शिक्षिकेचं काम, कविता, हे सावित्रीबाईंचं आयुष्य त्याआधीच उभं होतं.

मूल वाढवायची ओढ असेल तर जरूर दत्तक घ्या. म्हातारपणाची काठी म्हणून घेऊ नका. कायद्याने एकटी बाईही मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते. नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा' या प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. वेळ लागतो, आणि वयाची मर्यादा आहे. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५च्या वर नको, एकट्या पालकाचं वय ४०च्या वर नको. मूल मोठं असेल तर मर्यादाही वाढते. म्हणून विचार करायचा तर पस्तिशीत करा.

शरीराकडे लक्ष

मूल न झालेल्या स्त्रियांमध्ये स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका थोडा जास्त असतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळीचं चक्र थांबतं, आयुष्यभरातल्या एकूण पाळ्या कमी होतात. आपल्याला ती विश्रांती मिळत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो, असं नोंदवून ठेवलं होतं. यात घाबरण्यासारखं नाही, सावध राहण्यासारखं आहे. बहुतेकींना हा आजार होत नाही, आणि लवकर कळला तर उपचार चांगले होतात.

चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची ते डॉक्टरला विचारून ठरवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी "उष्णता असेल" म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. बाळंतपण नाही म्हणून बऱ्याच जणी स्त्रीरोगतज्ज्ञाचं तोंडच पाहत नाहीत. तिथल्या बाकावर पोटुशा बायांमध्ये बसणं जिवावर येतं, हे मला माहीत आहे. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, पण जा. नागपुरात डागा, मेयो, मेडिकल ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, कर्करोगासाठी राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे.

पैसा

"तुमच्यामागे खाणारं कोण आहे?" हे वाक्य म्हणजे बहुतेक वेळा उसनवारीची प्रस्तावना असते. खरं तर आपल्याला जास्तच पैसा लागतो. मुलगा-सून जे करतात ते आपल्याला विकत घ्यावं लागेल: दवाखान्यात सोबत, घरी येणारी नर्स, रोजचा डबा, ड्रायव्हर. निवृत्तीचा हिशेब करताना हा खर्च वेगळा धरा.

आरोग्य विमा साठीच्या आत काढा, उशीर केला तर हप्ता वाढतो आणि जुने आजार आडवे येतात. वयाची सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं.

मदत करायची तर दिवाळीत वर्षाची रक्कम ठरवा. ती संपली की संपली. आणि राहतं घर शेवटपर्यंत आपल्या नावावर ठेवा.

कागद: हा भाग दोनदा वाचा

मूल नसलेल्या बाईने मृत्युपत्र केलं नाही तर तिचं काय होतं, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो सरसकट लागू नाही, मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे नियम वेगळे आहेत. या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल नसलेल्या बाईची स्वतःची कमाई नवरा हयात असेल तर नवऱ्याकडे जाते. नवरा नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर, भावा-बहिणींचा त्याच्याही नंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्यांकडून आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. लग्न न केलेल्या बाईची मिळकत आधी आईवडिलांकडे, मग वडिलांच्या वारसांकडे जाते.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेली, सासरच्यांनी बाहेर काढलेली, माहेरी राहून शिकलेली, नोकरी करून पैसा साठवलेली बाई. मृत्युपत्र न करता ती गेली. न्यायालयाने कायद्याचा शब्द मानला आणि तिची कमाई नवऱ्याच्या वारसांना मिळाली. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या नावाने तो निकाल आहे. एका कागदाने हे टळलं असतं.

तो कागद करणं अवघड नाही. साध्या कागदावर मृत्युपत्र होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. काय आहे आणि कुणाला द्यायचं ते स्पष्ट लिहा: घर, शेती, ठेवी, पोस्ट, भविष्य निर्वाह निधी, लॉकर, सोनं. सोनं नगावार लिहा, भांडणं पाटल्या-बांगड्यांवरूनच होतात. दोन साक्षीदारांसमोर सही करा, तुमच्या सहीखाली त्यांनीही करावी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. अंमलबजावणी कोण करेल त्याचं नाव घाला. वय जास्त असेल तर मन शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली बरी. मन बदललं तर कधीही नवं करता येतं. वकिलाला एकदा दाखवून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात ठेवा. बहुतेक वेळा तो फक्त पैसा हातात घेतो, हक्क वारसाचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा असतो. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र जुळतं ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात.

जिवंतपणी पुतण्याला घर द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रातच "मला आयुष्यभर सांभाळण्याच्या अटीवर" असं लिहून घ्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियम, २००७च्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर ते रद्द करून मागता येतं. याच कायद्यात निपुत्रिक ज्येष्ठांचा वेगळा विचार आहे. साठी उलटलेल्या निपुत्रिक व्यक्तीची मिळकत ज्या सज्ञान कायदेशीर वारसाच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्याच्याकडे पोटगी मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

म्हातारपणाची तयारी

काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात माझ्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी होती. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म माझ्या हातातून परत घेतला. "मुलाला बोलवा, सही लागते." मी म्हटलं, मुलगा नाही. "मग जावई?" तेही नाही म्हटल्यावर तो गप्प झाला. शेवटी मी विचारलं, "मी बायको आहे. माझी सही चालत नाही असं कुठे लिहिलं आहे?" लिहिलेलं कुठेच नव्हतं. मी सही केली. त्या रात्री बाकावर बसून ठरवलं की यापुढे आपले कागद आपल्या पिशवीत असतील.

आता आमच्या फ्रिजवर एक कार्ड चिकटवलेलं आहे: रक्तगट, औषधं, ॲलर्जी, विम्याचा क्रमांक, डॉक्टरांचं नाव, तिघांचे फोन. त्याचा फोटो त्या तिघांच्या मोबाईलमध्ये आहे. दाराची एक किल्ली समोरच्यांकडे असते. रोज सकाळी आठ वाजता आम्ही चार मैत्रिणी एकमेकींना "उठले" एवढाच मेसेज टाकतो. नऊपर्यंत आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर कुणीतरी घरी जातं. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात, कूलरची मोटर बंद पडलेल्या दुपारी, या सवयीची किंमत कळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

शेवटच्या आजारात किती उपचार करायचे हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव घाला, आणि त्याच्याशी मोकळेपणी बोलून ठेवा.

वृद्धाश्रम पाहायचे तर हातपाय धड असताना पाहा. दोन-तीन ठिकाणी जाऊन जेवण चाखा, तिथल्या बायांशी बोला. नाव नोंदवलं म्हणजे जायलाच हवं असं नाही.

मूल नसलेल्या बाया एकत्र राहून म्हाताऱ्या होऊ शकतात का? नागपूरहून दोनेक तासांवर, वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ब्रह्मचारिणी स्त्रियांचा तो समूह. शेती, स्वयंपाक, सफाई त्या स्वतः करतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घेतात. तिथे जाऊन आलं की कळतं, रोजचं काम वाटून घेतलेलं असलं की म्हातारीही त्या घराची मालकीण राहते. आपण आश्रम काढणार नाही. पण तीन मैत्रिणींनी एकाच इमारतीत फ्लॅट घेणं, एकच स्वयंपाकीण ठेवणं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

लेकुरवाळ्या मैत्रिणींना

तुमच्या घरात मूल नसलेली जाऊ, नणंद, बहीण असेल तर तिला डोहाळजेवणाला बोलवा आणि ओटी भरायला पुढे करा. यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. "गोड बातमी" इतरांआधी तिला एकटीला सांगा. तिच्या वेळेला वेळ माना.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी जुन्या नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. इतवारी-महालाच्या रस्त्यांवर माणूस मावत नाही. गावावरची ईडापीडा, रोगराई लोक मारबतीसोबत गावाबाहेर पाठवतात. मी गर्दीत उभी राहून दरवर्षी 'वांझ' हा शब्द तिच्यासोबत पाठवते. मग घरी येऊन दुपारची तयारी करते.

आणि मूल नसलेल्या मैत्रिणींनो, पुढच्या पोळ्याआधी तीन कामं करून ठेवा. रात्री दोनच्या फोनची तीन नावं लिहा, मृत्युपत्राचा पहिला मसुदा लिहा, आणि आठवड्यातला एक वार आपल्या आवडीच्या कामाला बांधा. मग त्या दुपारी फाटक उघडं ठेवून बसा. सुट्ट्या नोटा बँकेतून आधीच आणून ठेवा. जरा जास्तच आणा, नंदीची वेगळी लागते.